सातवीच्या मराठीसाठी अद्भुत कादंबरी: मुलांच्या लेखनाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात सातवीला मराठी शिकवते. यंदा बालभारतीच्या पाठांसोबत एक अख्खी अद्भुत कादंबरी वर्गात वाचतोय: टॉल्कीनच्या १९३७ सालच्या 'द हॉबिट'चा मराठी अनुवाद.

वाचन रंगलंय. पाचव्या प्रकरणात गोष्टीचा बुटका नायक बिल्बो आणि गुहेत राहणारा विचित्र प्राणी गॉलम अंधारात एकमेकांना कोडी घालतात, आणि बिल्बो हरला तर जिवाशी गाठ. ते वाचून झाल्यावर मुलांना घरच्यांकडून कोडी आणायला सांगितली. 'तिखट मीठ मसाला, चार शिंगं कशाला' (लवंग!) पासून सुरुवात झाली, मग मुलं स्वतः रचायला लागली. वस्तूचं नाव न घेता ती ओळखू यायला हवी, म्हणजे नेमकं विशेषण शोधावंच लागतं. व्याकरणाच्या तासाला गप्प बसणारी मुलंही यात बोलली.

अडतंय ते कथालेखनात. 'अद्भुत कथा लिहा' म्हटलं की दर दोन ओळींनी 'अचानक'. राक्षस येतो, जादूची काठी फिरते, राक्षस मरतो, गोष्ट संपते. जादूला मर्यादाच नाही, मग नायकाला अडचण कुठून येणार? पुस्तकातली अंगठी बिल्बोला अदृश्य करते, पण उन्हात त्याची पुसट सावली पडतेच. नेमकी ती गॉब्लिनांना (डोंगरातल्या दुष्ट प्राण्यांना) दिसते, आणि दाराच्या फटीतून निसटताना त्याच्या कोटाची बटणं तुटतात. मुलांना हा प्रसंग फार आवडला, पण त्यातली युक्ती त्यांच्या वहीत उतरत नाही.

'एक जादूची वस्तू, तिची एक मर्यादा आणि त्यामुळे झालेली फजिती' असा स्वाध्याय कुणी करून घेतला आहे का? 'जर-तर'ची संकेतार्थी वाक्यं त्यातच शिकवता येतील असं वाटतं. गटात लिहून घ्यावं की एकेकट्याने?

आणखी एक. काही मुलं अजून जोडाक्षरांशी अडखळतात. मी मोठ्याने वाचते तेव्हा त्यांना गोष्ट कळते, पण पुस्तक हातात दिलं की मागे पडतात. त्यांना पुस्तकापासून तोडायचं नाहीये, काय करता येईल?

आकारिक मूल्यमापनात (म्हणजे वर्षभर वर्गातल्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनात) कल्पनेला गुण कसे देता, तेही सांगा. पहिल्या खर्ड्यावर शुद्धलेखनाच्या लाल खुणा करू नयेत असं माझं ठाम मत आहे, शाळेतल्या काही सहकाऱ्यांना ते पटत नाही.

पुढच्या सत्रासाठी या वयाला झेपेल अशी मूळ मराठीतली अद्भुत कादंबरीही सुचवा. वर्गात वाचून पाहिलेली असेल तर फारच उत्तम.