मदत हवी आहे: इलिनॉय विद्यापीठात (अर्बाना-शॅम्पेन) पहिल्या सत्राचे प्राध्यापक कसे निवडायचे?

पाऊलवाट

भाच्याला अमेरिकेत अर्बाना-शॅम्पेनला मेकॅनिकलसाठी प्रवेश मिळाला आहे. बी. एस., पहिलं वर्ष, ऑगस्टात जाईल. इथली बारावी सायन्स, एपी (अमेरिकेत शाळेतच करायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) वगैरे काही नाही. पहिल्या सत्राचं ठरतंय ते असं: मॅथ २२१ (कॅल्क्युलस, ४ क्रेडिट), केम १०२ (रसायनशास्त्र, ३), त्याची लॅब केम १०३ (१), रेटरिक १०५ (इंग्रजी निबंधलेखन, ४) आणि ईएनजी १०० (इंजिनीअरिंगची ओळख, १). एकूण १३.

सध्या तो रेट माय प्रोफेसर्स (प्राध्यापकांवर शेरे लिहायची साइट) आणि रेडिट यांच्यात पार अडकलाय. एकाच प्राध्यापकांबद्दल एक जण देवमाणूस म्हणतो, दुसरा म्हणतो जीपीए (श्रेणींची सरासरी, ४ पैकी) प्यारा असेल तर पळा. यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं? शिवाय ताईला (त्याच्या आईला) प्राध्यापकांना आधीच एक मेल टाकावीशी वाटतेय. टाकावी का? जाणकारांनी कृपया सांगा.

कडूनिंब

आधी हे बघा की प्राध्यापकाच्या हातात नक्की काय आहे. या विद्यापीठात ५० हजारांहून जास्त विद्यार्थी आहेत. केम १०२सारख्या कोर्सचं लेक्चर भल्यामोठ्या सभागृहात होतं. त्याला जोडून आठवड्याला एक छोटा डिस्कशन वर्ग असतो, तो टीए घेतो. टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट, बहुतेक वेळा पीएचडी करणारा विद्यार्थी. लॅबचा टीए वेगळा. अशा कोर्समध्ये सगळ्या सेक्शनचा (एकाच कोर्सच्या वेगवेगळ्या तुकड्यांचा) पेपर साधारणपणे एकच असतो आणि तपासण्याचे निकषही एकच. म्हणजे "अमुक सर कडक तपासतात" या वाक्याला तिथे फारसा अर्थ उरत नाही. सर बदलले तरी पेपर तोच.

रेटरिक १०५चं नेमकं उलटं. वीसेक मुलांचा वर्ग, निबंध तोच शिक्षक वाचणार, श्रेणीही तोच देणार. इथे माणूस खरोखर महत्त्वाचा. पण शिकवणारे बरेचसे टीएच असतात, दोन-तीन वर्षांत पदवी घेऊन निघून जातात, त्यामुळे त्यांच्याबद्दल इंटरनेटवर काही सापडतच नाही. थोडक्यात, जिथे शेरे ढिगाने मिळतात तिथे ते कमी कामाचे, आणि जिथे हवेत तिथे नाहीत! रेटरिकसाठी वेळ आणि विषय बघून सेक्शन घ्या, पहिल्या आठवड्यात पटलं नाही तर बदला.

तिरपी_रेघ

शेऱ्यांपेक्षा आकडे बघा. विद्यापीठ सरकारी आहे, माहितीच्या अधिकारासारखा कायदा तिथेही लागू आहे. त्या कायद्याखाली मिळालेली श्रेणींची आकडेवारी तिथलेच संगणकशास्त्राचे प्राध्यापक वेड फेगन-उल्मश्नायडर यांनी आलेखांच्या रूपात सगळ्यांसाठी ठेवली आहे. कोर्स क्रमांक टाकला की कुठल्या सत्रात, कोणाच्या हाताखाली किती ए, किती बी, किती एफ ते दिसतं.

वाचताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. एक म्हणजे डब्ल्यूचा रकाना. मुदतीनंतर कोर्स सोडला की डब्ल्यू लागतो आणि तो सरासरीत धरत नाहीत. समजा, एका सेक्शनची सरासरी ३.४ आणि दुसऱ्याची ३.१ आहे, पण पहिल्यातून शंभरातली पंधरा मुलं पळाली आणि दुसऱ्यातून तीन. मग पहिलं सोपं कसं म्हणणार? कच्ची मुलं गाळल्यावर उरलेल्यांची सरासरी चढणारच. आणि आठव्या आठवड्याच्या आत सोडणाऱ्यांची तर नोंदच होत नाही, ती गळती या आलेखात येतच नाही.

दुसरं म्हणजे वर्गात कोण बसलंय. ऑनर्स (निवडक हुशार मुलांच्या) सेक्शनची सरासरी वर असते ती प्राध्यापक हात सैल सोडतात म्हणून नव्हे. उन्हाळी सत्राचे आकडेही नेहमीच्या सत्राशी जुळवू नका, बसणारी मुलंच वेगळी असतात.

विद्यापीठाची "उत्कृष्ट गणल्या गेलेल्या शिक्षकांची यादी"ही असते. विद्यार्थ्यांच्या सत्राअखेरच्या मूल्यमापनावरून ती बनते. नाव यादीत असेल तर उत्तम. नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण आपले निकाल जाहीर करायचे की नाही हे शिक्षकाच्या मर्जीवर असतं.

मधली_सुट्टी

क्रेडिटकडे बघा हो! भाचा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर जाणार ना? पदवीच्या विद्यार्थ्याला चालू सत्रात किमान १२ क्रेडिट ठेवावे लागतात. तुमचे १३ आहेत. केम १०२ जड गेलं आणि सोडलं की १०३ची लॅबही जाते, उरले ९. रेटरिक सोडलं तरी ९. हातात फक्त एक क्रेडिट सोडण्याची मुभा, जी काही कामाची नाही. ३ क्रेडिटचा एखादा जनरल एज्युकेशनचा (मुख्य विषयाबाहेरचा) कोर्स घालून १६ करा, म्हणजे ४ क्रेडिट गेले तरी १२ शिल्लक राहतात. तो कोर्स वर्गात भरणारा असू दे, कारण या १२मध्ये ऑनलाइनचा एकच कोर्स किंवा ३ क्रेडिट धरता येतात.

तारखा दोन लक्षात ठेवायच्या. पूर्ण सत्राचा कोर्स शिक्षणाच्या दहाव्या दिवसापर्यंत घेता येतो, आणि डब्ल्यूशिवाय आठव्या आठवड्याच्या शेवटापर्यंत सोडता येतो. हिशोब असा बसवा की पहिल्या परीक्षेचे गुण आठव्या आठवड्याआधी हातात असतील. अभ्यासक्रमाच्या पत्रकात पहिली परीक्षा नवव्या आठवड्यात दिसली तर तो कोर्स आंधळी कोशिंबीर आहे, मग शिकवणारा कितीही देवमाणूस असो.

१२च्या खाली जाण्याची वेळ आलीच तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची लेखी परवानगी, मग कोर्स सोडणं. क्रम उलटा झाला तर व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. अभ्यासातल्या अडचणीसाठी अशी सवलत एका पदवीत एकाच सत्रापुरती मिळते, आणि तेव्हाही निम्मे, म्हणजे ६ क्रेडिट ठेवावेच लागतात.

शेवटचा_बाक

ताईंना सांगा, मेल नको. १९७४च्या फर्पा (विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवण्याच्या) कायद्यानुसार विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याचे गुण, हजेरी यांतलं काहीही प्राध्यापक पालकांना सांगत नाहीत. फी कोण भरतं याचा त्यांच्याशी संबंध नाही. फार तर दोन ओळींचं सभ्य उत्तर येईल, आणि मुलगा पहिल्याच दिवशी "आईने मेल टाकलेला" म्हणून ओळखला जाईल.

मुलाने स्वतः लिहायचं. विषयाच्या ओळीत कोर्स क्रमांक आणि सेक्शन, सुरुवात "प्रोफेसर" आणि आडनाव, मग प्रश्न चार ओळींत. "रिस्पेक्टेड सर" नको, बऱ्याचदा समोर बाई असतात. आणि ज्याचं उत्तर अभ्यासक्रमाच्या पत्रकात आहे ते तर विचारूच नये. तिथे हे पत्रक म्हणजे जवळजवळ करार समजतात: गुणांची विभागणी, उशिराच्या गृहपाठाला किती गुण कापणार, सगळ्यात कमी गुणांची एखादी चाचणी वगळणार का, श्रेणीच्या हद्दी आधीच ठरलेल्या आहेत की कर्व्ह (वर्गाच्या कामगिरीवरून श्रेणी) लावणार. मागच्या सत्रांची पत्रकं बऱ्याच कोर्सच्या पानांवर सापडतात. प्राध्यापक पारखायचे तर एक पत्रक नीट वाचा, पन्नास शेऱ्यांइतकं सांगून जातं.

कडूनिंब

मेलबद्दल अनुमोदन. शेरे वाचायचेच असतील तर विशेषणं गाळून वाचा. "बेस्ट प्रोफ" किंवा "वर्स्ट" यात काही नाही. "दर शुक्रवारी चाचणी, हजेरी क्लिकरवर (बटण दाबायच्या यंत्रावर), स्लाइड आधी मिळत नाहीत, परीक्षेत गृहपाठासारखं एकही गणित नव्हतं" हा शेरा सोन्यासारखा, लिहिणारा कितीही चिडलेला असो. तारीखही बघा. पाच वर्षांपूर्वीचा शेरा बऱ्याचदा बंद झालेल्या पद्धतीबद्दल असतो.

आणि "उच्चार कळत नाहीत" ही तक्रार आपल्या मुलांनी तशी सोडूनच द्यावी. ती बहुधा चिनी किंवा भारतीय टीएबद्दल असते. आपल्याकडच्या मुलाला अडचण येते ती भरभर बोलणाऱ्या, मध्येच फुटबॉलचे विनोद पेरणाऱ्या स्थानिक प्राध्यापकाची!

तिरपी_रेघ

कडूनिंब, पेपर एक असला तरी शिकवणं एक नसतं. मॅथ २२१मध्ये एखादे प्राध्यापक प्रत्येक पायरी फळ्यावर सोडवतात, एखादे नुसत्या स्लाइड सरकवतात. बारावीत डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन झालेल्या मुलाला गणिताची रीत येत असते, पण "का" हे इंग्रजीत दोन वाक्यांत लिहायला सांगितलं की हात थांबतो. अशा मुलाने फळ्यावर सोडवणारे निवडावेत. हे कळायला सोपा उपाय: पहिल्या आठवड्यात दुसऱ्या सेक्शनच्या लेक्चरला मागे जाऊन बसावं, इतक्या गर्दीत कोणी विचारत नाही. दहा दिवसांच्या आत जागा असेल तर बदलून घ्यावं.

कडूनिंब

गणितापुरतं मान्य. केमसाठी मी माझ्या मतावर ठाम आहे.

पाऊलवाट

खूप आभार मंडळी. १६ क्रेडिटचं लगेच कळवलं. एक शंका राहिली: कोर्स एक्सप्लोररवर (विद्यापीठाच्या कोर्स-यादीच्या साइटवर) बऱ्याच सेक्शनसमोर शिक्षकाचं नावच नाही. आणि हवा तो सेक्शन भरला असेल तर?

मधली_सुट्टी

नाव बरेचदा सत्र तोंडावर येईपर्यंत पडत नाही, त्यासाठी थांबू नका. आधी वेळापत्रक बसवा: लॅब आणि डिस्कशन लागोपाठ नकोत, दोन इमारतींमधलं अंतर नकाशावर बघून ठेवा. भरलेल्या सेक्शनचं म्हणाल तर बहुतेक कोर्सना प्रतीक्षा यादी नसते. कोणी सोडलं की जागा उघडते आणि जो आधी पोचेल त्याची. सत्राचा पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ बघत राहायचं. पण हातातला सेक्शन सोडून मग दुसरा शोधायला जाऊ नये, आधी जागा उघडी दिसू दे आणि मगच अदलाबदल.

शेवटचा_बाक

ऑफिस अवर्स (प्राध्यापक किंवा टीए शंका सोडवायला बसतात ती ठरलेली वेळ) राहिलेच. आपली मुलं तिथे फिरकत नाहीत, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी गेली तर रांग दाराबाहेर. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खोली रिकामी असते, तेव्हा जावं. "समजलं नाही" एवढंच घेऊन जायचं नाही, जिथपर्यंत सोडवलंय तो कागद न्यायचा आणि अडलेल्या ओळीवर बोट ठेवायचं. प्राध्यापकांचा धाक वाटत असेल तर ग्रेंजर लायब्ररीत इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी केअर नावाचं शिकवणी केंद्र आहे. वरच्या वर्गातली मुलं फुकट शिकवतात.