एयासी सरोवराकाठची ‘संस्कृती-भेट’ सहलीतून वगळावी का?

ठाणेकर : आमच्या ठाण्यातील गटाच्या टांझानिया सहलीत गोरोंगोरो विवराच्या भेटीला जोडून एयासी सरोवराचा एक दिवस घातला आहे. पहाटे हाड्झाबे शिकाऱ्यांमागून रानात हिंडायचे आणि दुपारी दातोगा गुराख्यांच्या वस्तीवर जायचे, असा कार्यक्रम आहे. हा दिवस वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जेमतेम हजार-तेराशे लोकांच्या हाड्झाबे समाजाकडे रोज पाहुणे येऊ लागले की शिकार पोटासाठी न उरता पाहुण्यांसाठी होऊ लागते. उद्या कर्जतच्या एखाद्या कातकरी वाडीवर परदेशी पाहुण्यांची बस थांबली आणि ‘उंदीर पकडून दाखवा’ अशी फर्माईश झाली, तर आपल्याला चालेल का?

ऐरोलीकर : चालणार नाही, पण वाडीवरच्या लोकांनीच पाहुणे बोलावले आणि पैसे त्यांच्याच हाती पडले, तर नाक मुरडणारे आपण कोण? शिवाय हे लोक जगापासून तुटलेले कधीच नव्हते. दातोगा लोहार बकऱ्याच्या कातड्याचा भाता चालवून जुने खिळे तापवतात, ठोकून बाणांची पाती घडवतात आणि हाड्झाबे मध देऊन ती घेतात. बाहेरच्यांशी देवाणघेवाण त्यांना नवी नाही.

वाशीकर : अंदमानात जारवा आदिवासींना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत २०१२ मध्ये बाहेर आली, तेव्हा देशभर संताप उसळला होता. तोच न्याय इथे का लावू नये?

ऐरोलीकर : कारण जारवांचा बाहेरच्यांशी संपर्क अलीकडचा आहे, साथीच्या रोगांचा त्यांना मोठा धोका आहे आणि त्यांच्या राखीव क्षेत्रात शिरणे हा गुन्हा आहे. हाड्झाबे मात्र शेजाऱ्यांशी स्वाहिलीत बोलतात.

ठाणेकर : देवाणघेवाणीचे मान्य, पण चित्र अर्धेच राहिले. दातोगांची गुरे पाणवठ्यांवर आली की हाड्झाबेंची शिकार दूर जाते, यावरून दोघांत तंटे आहेत. दातोगाही हौसेने तिथे सरकलेले नाहीत. हनांग डोंगराच्या पायथ्याशी त्यांची उत्तम कुरणे सत्तरच्या दशकापासून सरकारी गव्हाच्या शेतीखाली गेली. एकाच दिवसात दोन्ही वस्त्या उरकणाऱ्या पाहुण्याला यातले काय कळणार? त्याला धनुष्य दिसेल, पितळी कडे विकत मिळेल आणि जमिनीचा प्रश्न तसाच राहील.

ऐरोलीकर : जमिनीचा प्रश्न खराच मोठा आहे, आणि २०११ मध्ये याएदा खोऱ्यातील हाड्झाबेंना सामूहिक जमीनहक्काची प्रमाणपत्रे मिळाली ती त्यांच्या दीर्घ खटपटीमुळे, पर्यटकांच्या येण्याने किंवा न येण्याने नव्हे. म्हणून दिवस रद्द करण्याऐवजी आयोजकाला लेखी विचारा : वस्तीला किती रक्कम मिळते, ती कोणाच्या हाती जाते? शिकारीऐवजी कंदमुळे खणणाऱ्या बायकांबरोबर जाता येईल का, हेही विचारा, कारण घरातले रोजचे अन्न बरेचसे त्यांच्याच कष्टातून येते.

ठाणेकर : पत्र पाठवतो. शिकारीचा भाग काढायला आयोजक तयार नसेल, तर माझे नाव त्या दिवसापुरते कमी करावे.