मार्लेला मराठीत काय म्हणावं: भूत, पिशाच्च की समंध?

कॉलेज रोड
वाचनगटासाठी डिकन्सच्या १८४३ सालच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मधला उतारा मराठीत करतेय. कंजूष व्यापारी स्क्रूजचा भागीदार जेकब मार्ले मेल्यावर सात वर्षांनी त्याच्यासमोर भूत होऊन उभा राहतो. कमरेला साखळी, तिला गल्ल्याच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, खतावण्या. मी 'समंध' लिहिलं. गटातल्या एका काकांना शब्द गावंढळ वाटतो. तुम्हाला?

पंचवटी
ताई, गावंढळ म्हणून तो मुळीच सोडू नका. समंध म्हणजे 'संबंध'च, मेल्यावरही न सुटलेला. पुरलेल्या धनावर बसतो तो. आपल्याकडे भुताच्या नावातच त्याचं काय राहून गेलं ते कळतं. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. (या दोघांचा अपराध काय? त्यांच्या गोष्टी ऐकून मला तरी भीतीपेक्षा कणवच जास्त वाटते.) समंध मात्र स्वतःच्या हावेनं अडकलेला.

तरीही मार्ले समंध नव्हे. पहिल्या प्रकरणाचा शेवट पुन्हा वाचा. खिडकीबाहेर साखळ्या ओढत फिरणारी भुतं दिसतात. त्यातलं एक, घोट्याला लोखंडी तिजोरी जखडलेलं, खाली दारात बसलेल्या गरीब बाईला आणि तिच्या तान्ह्याला पाहून रडतं, कारण आता काही देता येत नाही. समंध धन राखतो. यांना द्यायचंय आणि ती ताकदच उरलेली नाही. डिकन्सनं शिक्षा म्हणून नरक दाखवला नाही, हे दाखवलं.

म्हणून मी साधं 'भूत' ठेवीन आणि मार्लेच्या तोंडी 'वासना' आणीन. गंगेवर, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदावरीवर, दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की आपण म्हणतो वासना अडकली. मग कोणीतरी पुढे होऊन हात जोडतं, 'धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघू.' रामकुंडावर हे पाहिलेल्याला मार्ले वेगळा समजवावा लागणार नाही.

नाशिकरोड
'वासना'ला माझंही मत. पण मार्लेनंतर स्क्रूजकडे येणाऱ्या नाताळच्या तिघा पाहुण्यांना भूत म्हणू नका, ती मेलेली माणसं नाहीत. त्यांची रीत आपल्या वेताळाच्या जवळची आहे. वेताळ विक्रमाला उपदेश करत नाही, पेचात पकडतो: उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोकं फुटेल. इथेही दुसरा पाहुणा, गरिबांसाठी मदत मागणाऱ्यांना स्क्रूजनं ऐकवलेलं वाक्यच त्याच्या तोंडावर फेकतो, 'तुरुंग नाहीत का?' तरी 'वेताळ' लिहिलंत तर वाचकाला स्मशान आणि प्रेत आठवेल. सरळ नावं द्या: गेला नाताळ, आजचा नाताळ, येता नाताळ.

कॉलेज रोड
फार छान! आता एकच अडलंय. 'तू धंद्यात नेहमीच हुशार होतास' असं स्क्रूज म्हणतो, त्यावर मार्ले किंचाळतो की माणुसकी हाच माझा धंदा होता. तिथे 'कर्तव्य' लिहू का?

पंचवटी
नको. स्क्रूजच्या तोंडचा 'धंदा' मार्लेच्या तोंडी तसाच यायला हवा. 'कर्तव्य' म्हटलंत की ते प्रवचन होईल.