मदत हवी आहे: जुन्या स्पॅनिश पत्रांतले संक्षेप
नमस्कार मंडळी! मी आर्वी तालुक्यातल्या खेड्यातली, भारत-लॅटिन अमेरिका राजनैतिक संबंधांवर पीएचडी करून राहिली. मेक्सिकोशी आपले संबंध १९५० मध्ये जुळले, पण आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२०च्या दशकातच तिथं चापिंगो गावच्या शेतकी शाळेत शिकवत होते. (मक्यावर संशोधन केलं त्यांनी, आमचे बाबा अजून कपाशी सोडत नाहीत!) स्पॅनिश वाचता येते, पोर्तुगीज ओढूनताणून. अडलं ते जुन्या पत्रांच्या हस्ताक्षरात. पत्राच्या शेवटी ‘एस. एस. एस.’ असते, म्हणजे ‘आपला विश्वासू सेवक’, हे कळायलाच महिना गेला. अशा संक्षेपांची यादी कोणाकडे आहे का? शिवाय १९५०च्या आसपासची मराठी वर्तमानपत्रं वर्धा-नागपुरात कुठं चाळायला मिळतील? पत्राचा फोटो लाइट आली की टाकते.