सातव्या पिढीचा लॅपटॉप, विंडोज ११ आणि पुरात गेलेली सीडी

पत्रिकावाला_सांगली
नमस्कार मंडळी. गणपती पेठेत डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका जास्त. लॅपटॉप २०१७चा: आय५ सातव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, एक टीबी हार्डडिस्क, विंडोज १०. सकाळी चालू करून चहा सांगायचा, चहा येतो तेव्हा कोरल (पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर) उघडतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ साठी तपासलं तर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे, पण प्रोसेसर बसत नाही म्हणे. पुतण्या म्हणतो, "काका, पेनड्राइव्हवरून टाकून देतो, अर्ध्या तासाचं काम." माझी गोची वेगळीच आहे. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं, डोंगलवर (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) चालणारं, आणि सीडी २०१९च्या पुरात चिखलात गेली. डोंगल तेवढा खिशात होता म्हणून वाचला. जुन्या फाइली युनिकोड (कुठल्याही मशीनवर अक्षरं तशीच दिसणारी पद्धत) नाहीत. दुसऱ्या मशीनवर उघडल्या की 'चि. सौ. कां.'च्या जागी रोमन अक्षरांची रांगोळी. तुळशीची लग्नं लागलीत, रोज तीन-चार पत्रिका आहेत. करू का अपग्रेड?

कुपवाडकर
रूफसनं (पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायचं फुकट टूल, प्रोसेसरची अट वगळता येते) टाका बिनधास्त. माझ्याकडं सहाव्या पिढीवर अकरा चालतंय, वर्ष झालं.

मिरज_रिपेअरवाला
चालतं, नाही कोण म्हणतंय? पण नियमात न बसणाऱ्या मशीनला अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दादा, तुमचा खरा धोका डोंगलचा ड्रायव्हर आहे. अकरामध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय चालू असली की जुने ड्रायव्हर अडतात. ऐन सीझनमध्ये ही भानगड नकोच.

आधी ५०० जीबीची एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) घ्या. डिस्क फॉरमॅट नाही, क्लोन (हुबेहूब नक्कल) करा, म्हणजे फॉन्ट आहे तसा येतो, सीडी लागत नाही. जुनी डिस्क कपाटात ठेवा. मग विंडोज अपडेटमध्ये ईएसयूची (सपोर्ट संपल्यावरही सुरक्षेचे अपडेट देणारी योजना) नोंदणी करा. सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवलात तर फुकट. फक्त विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी.

कुपवाडकर
विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम का नको मग?

मिरज_रिपेअरवाला
कोरल आणि डोंगल? मिंटवर? कुपवाडकर, तुम्ही येऊन त्यांच्या पत्रिका लावून देणार का?

पत्रिकावाला_सांगली
रविवारी क्लोन केलं. भरलेला डेटा १८० जीबीच होता, आरामात मावला. डोंगल लावला, धाकधूक होती, पण 'श्री गजानन प्रसन्न' पहिल्या झटक्यात नीट उमटलं. ईएसयूही झालं. पुतण्या जरा हिरमुसलाय. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायचं काम आता त्याच्याकडंच दिलंय. आणि चहा यायच्या आधी कोरल उघडून बसतंय, त्यामुळं चहावाल्याला आता उशिरा सांगतो.