लहान कॅमेऱ्यावर छायाचित्रण शिकताना : आपले अनुभव

खिशात मावणारा, भिंग बदलता न येणारा डिजिटल कॅमेरा घेऊन छायाचित्रण शिकू पाहणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो बहुधा मोठा कॅमेरा घेण्याचा. मला हा सल्ला घाईचा वाटतो. प्रकाशाचा अंदाज घेणे, चौकट ठरवणे आणि नंतर संगणकावर चित्रावर संस्करण करणे हे सारे लहान कॅमेऱ्यावर नीट शिकता येते. उलट त्याच्या मर्यादा लवकर जाणवत असल्यामुळे त्यांची कारणे शोधणेही लवकर सुरू होते. ज्यांनी अशा कॅमेऱ्यावर सुरुवात केली आहे त्यांनी इथे सविस्तर लिहावे, ही विनंती. कोणत्या कंपनीचा कॅमेरा चांगला, ही चर्चा इथे नको. एखादी विशिष्ट गोष्ट आपल्याला कशी उमगली आणि ती उमगल्यावर चित्रांत काय फरक पडला, एवढेच लिहावे.

सुरुवात मी करतो. माझ्या कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हांचे एक बटण आहे. त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात आणि माझे शिकणे खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाले. समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेइतकी असणार असे धरून कॅमेऱ्याचा प्रकाशमापक हिशेब करतो. त्यामुळे दोरीवर वाळत घातलेली पांढरी चादर चौकटभर घेतली की ती मळकट करडी दिसते आणि काळी मांजर जवळून टिपली की तिचा रंग विटल्यासारखा येतो. चादरीसाठी मी अधिक एकवर गेलो, म्हणजे प्रकाश दुप्पट केला, आणि पडद्यावरच्या हिस्टोग्रामचा, म्हणजे चित्रात गडद ते उजळ छटा किती आहेत हे दाखवणाऱ्या आलेखाचा, मधला उंचवटा उजवीकडे सरकताना पाहिला. चादरीच्या विणीतले धागे अजून दिसत होते. आणखी थोडे पुढे गेल्यावर तो उंचवटा उजव्या कडेला टेकला आणि धागे नाहीसे होऊन नुसता पांढरा डाग उरला. तेव्हापासून चित्र चांगले आले की नाही हे ठरवताना मी आधी आलेख पाहतो, कारण भर उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर विसंबून राहता येत नाही.

*

हा चर्चेचा धागा काढल्याबद्दल आभार. मी प्रामुख्याने कीटक आणि पानेफुले टिपते, आणि या कामात लहान कॅमेरा मोठ्या कॅमेऱ्याच्या मागे नाही, असे मी खात्रीने म्हणेन. अशा बहुतेक कॅमेऱ्यांतील सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा असतो, तर फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा. म्हणजे क्षेत्रफळात सुमारे तीसपट अंतर आहे. सेन्सर लहान म्हणून भिंगाची खरी फोकल लांबीही (भिंगापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतचे अंतर) अगदी कमी, आणि त्यामुळे चित्रातला बराच खोलवरचा भाग एकाच वेळी स्पष्ट येतो. माणसांच्या चित्रांत पार्श्वभूमी धूसर करायची असेल तर हा अडथळा ठरतो, परंतु पानाच्या कडेवरून चालणारी मुंगी टिपताना तिच्या मिशांपासून शेवटच्या पायापर्यंत सगळे रेखीव यावे असे वाटत असेल तर हेच वरदान ठरते.

फुलाचे चिन्ह असलेला मॅक्रो मोड लावावा आणि झूम पूर्ण मागे ठेवावा, कारण बहुतेक लहान कॅमेऱ्यांत सर्वांत जवळचे फोकस तिथेच मिळते. काही सेंटिमीटरवर गेल्यावर मात्र भिंगाचीच सावली विषयावर पडू लागते आणि फ्लॅशचा प्रकाशही भिंगाच्या नळीमुळे अडतो. मी फ्लॅश बंद ठेवते आणि विषयाच्या ज्या बाजूला सावली आहे तिथे तळहाताएवढा पांढरा कागद धरते. कागद थोडासा कलता केला की मुंगीच्या पोटाखालचा काळोख उजळतो आणि पायांचे सांधे वेगळे दिसू लागतात. हा बदल डोळ्यांदेखत घडताना पाहण्यासारखा असतो. शटर अर्धे दाबून फोकस धरल्यानंतर शरीर किंचितही पुढे-मागे झाले तरी फोकस सुटते, म्हणून कोपर जमिनीला टेकवून श्वास सोडताना शटर पूर्ण दाबावे. पार्श्वभूमी पुरेशी धूसर होत नाही, तेव्हा फूल आणि त्यामागचे झुडूप यांत जास्तीत जास्त अंतर राहील असा कोन शोधणे हाच उपाय आहे.

*

अर्धे शटर दाबण्याविषयी वर लिहिले आहे, त्याला जोडून थोडेसे. जुन्या लहान कॅमेऱ्यांत बटण दाबणे आणि चित्र उमटणे यांत जाणवण्याइतका विलंब होतो. त्यातला मोठा भाग फोकस साधण्यात जातो, म्हणून खेळणारी मुले जिथून जाणार त्या जागेवर आधीच अर्धे दाबून थांबले की उरलेला विलंब फार थोडा राहतो. माझी भाची उडी मारताना हवेत असलेली चित्रे मला अशीच मिळाली.

*

मला संस्करणाविषयी लिहायचे आहे, कारण या विषयावर नवशिक्यांमध्ये विनाकारण संकोच आढळतो. चित्रावर संगणकात काम करणे म्हणजे लबाडी, असे काही जण मानतात. रासायनिक छपाईच्या काळातही अंधाऱ्या खोलीत चित्राचा एखादा भाग अधिक प्रकाश देऊन गडद केला जाई आणि दुसरा झाकून उजळ ठेवला जाई, हे लक्षात घेतले की हा संकोच राहात नाही. पण मला संस्करणाचे महत्त्व वाटते ते वेगळ्याच कारणासाठी: चित्र टिपताना काय करायला हवे हे मला संस्करणाने शिकवले.

मी गिंप हा चित्रसंस्करणाचा प्रोग्राम वापरते. १९९६ पासून उपलब्ध असलेले हे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि शिकण्यासाठी लागणारे सगळे त्यात आहे. पहिल्यांदा लेव्हल्स, म्हणजे चित्रातल्या काळ्या-पांढऱ्याच्या सीमा ठरवण्याची सोय, उघडावी. तिथला आलेख दोन्ही टोकांना रिकामा असेल तर काळा त्रिकोण आलेखातल्या डोंगराच्या डाव्या पायथ्याशी आणि पांढरा उजव्या पायथ्याशी आणावा. धुरकट चित्रावरचे मळभ तेवढ्यानेच दूर होते. त्यानंतर कर्व्ह्जमध्ये, म्हणजे छटांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या आलेखात, रेषा खालच्या बाजूला किंचित दाबून आणि वरच्या बाजूला किंचित उचलून सौम्य वळण द्यावे. इथे हात आवरावा लागतो, कारण जेपेग या कॅमेऱ्याच्या नेहमीच्या प्रकारच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात आणि त्या फार ताणल्या की निळ्या आकाशात पट्टे उमटतात.

आजोबा खिडकीशी वाचत बसलेले असतानाचे एक चित्र मी टिपले होते. डाव्या गालावर खिडकीतला दिवसाचा प्रकाश आणि उजव्या गालावर टेबलावरच्या पिवळ्या बल्बचा. दिवसाच्या प्रकाशाचे रंगतापमान (प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा कमी तितका प्रकाश पिवळा) साधारण ५५०० केल्विन असते, अशा बल्बचे २७०० ते ३००० केल्विन. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या उजेडात पांढरे पांढरे दिसावे ते, खिडकीप्रमाणे लावला की उजवा गाल नारिंगी होई, बल्बप्रमाणे लावला की डावा निळसर पडे. दोन थर करून, थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणाऱ्या मास्कवर मऊ कुंचला फिरवत मी दोन्ही बाजू जुळवल्या, आणि नाकाच्या दांडीवरचा सांधा मिटवण्यात अख्खी संध्याकाळ गेली. आता खोलीत शिरले की मी आधी प्रकाशाचे स्रोत पाहते आणि नको असलेला दिवा विझवते.

*

वरच्या २५६ पायऱ्यांच्या मुद्द्यावर भर घालतो. ज्या कॅमेऱ्यात रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, मिळते त्यात बारा बिट असतील तर ४०९६ पायऱ्या हाताशी येतात, आणि गडद भाग उजळताना हा फरक स्पष्ट दिसतो. कॅननच्या अनेक जुन्या लहान कॅमेऱ्यांत मुळात रॉची सोय नव्हती. स्वयंसेवकांनी तयार केलेली सीएचडीके ही प्रणाली मेमरी कार्डवरून चालते, कॅमेऱ्यातले मूळ सॉफ्टवेअर (फर्मवेअर) न बदलता रॉ फाइल साठवू देते. मी ती वापरली. पहिल्या फाइलीत भिंतीच्या सरळ कडा बाहेरच्या बाजूला फुगलेल्या दिसल्या आणि कोपरे अंधारलेले होते. जेपेग तयार करताना कॅमेरा भिंगाचे हे दोष गुपचूप दुरुस्त करत असतो, हे तेव्हा मला कळले. रॉथेरपी किंवा डार्कटेबल या रॉ फाइलींवर काम करणाऱ्या प्रोग्राममध्ये ती दुरुस्ती आपल्याला करावी लागते. सवय झाली की त्यात विशेष वेळ जात नाही. ज्यांना संस्करणात रस नाही त्यांनी रॉच्या वाटेला जाऊ नये, असे माझे प्रांजळ मत आहे.

*

रात्रीच्या चित्रांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. लहान सेन्सरवर आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनक्षमता, ८०० च्या पुढे रंगीत ठिपके फार दिसू लागतात आणि ते पुसण्याच्या प्रयत्नात कॅमेरा बारकावेही पुसून टाकतो. त्यापेक्षा कॅमेरा कठड्यावर घट्ट ठेवावा, आयएसओ सर्वांत कमी करावा, दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावावा, म्हणजे बोटाच्या दाबाने होणारी थरथर टळते, आणि शटर सेकंदभर किंवा अधिक उघडे राहू द्यावे. स्थिर इमारतींच्या खिडक्यांच्या चौकटीसुद्धा रेखीव येतात. भिंगाचे छिद्र मात्र एफ ८ पर्यंत (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान) बारीक करू नये. एवढ्या लहान सेन्सरवर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, संपूर्ण चित्र मऊ पडते.

डिजिटल झूम मी कॅमेऱ्याच्या मेन्यूमधूनच बंद केला आहे. तो फक्त मधला भाग कापून मोठा करतो आणि ते काम घरी अधिक काळजीपूर्वक करता येते.

*

चित्रे छापून पाहावीत, असे मला सर्वांना सुचवावेसे वाटते. दहा गुणिले आठ इंचांच्या कागदाला इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने ३००० गुणिले २४०० पिक्सेल पुरतात, म्हणजे जेमतेम ७२ लाख. तेवढे तर जुना लहान कॅमेराही देतो. पडद्यावर उजळ वाटणाऱ्या सावल्या कागदावर, त्यातही मॅट कागदावर, काळवंडतात. त्यामुळे छपाईसाठी मी वेगळी प्रत करते, मूळ फाइल तशीच ठेवते, कर्व्ह्जमध्ये सावल्या थोड्या उचलते आणि पूर्ण आकारात छापण्याआधी चित्राच्या सर्वांत गडद भागाचा एक अरुंद पट्टा छापून तो खिडकीजवळच्या उजेडात पाहते.