गावातलं चर्च बंद होतंय म्हणे, मी मीटिंगला गेले तर चालेल का?

निवांत_फाइफ

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. विषय जरा वेगळाय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आम्ही स्कॉटलंडमध्ये फाइफच्या एका छोट्या गावात राहतो, चार वर्षं झाली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथे कोण शिंकलं तरी अख्ख्या गावाला कळतं. एक दुकान, एक चिप्सवाला, प्रायमरी शाळा आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचं जुनं दगडी चर्च, त्याला चिकटून हॉल, झालं गाव.

पहिल्या हिवाळ्यात माझी हालत वाईट होती. मुलगी तीन वर्षांची, नवरा दिवसभर एडिंबरात, मला तेव्हा गाडी येत नव्हती आणि चारला अंधार. शेजारच्या आजी (इथे तोंडावर नावानेच हाक मारतात, माझ्या जिभेला वळायला वर्ष लागलं, मनात अजून आजीच) एके गुरुवारी दार वाजवून म्हणाल्या सूप आहे, चल. हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी सूप आणि पुडिंग असतं, दाराशी एक वाडगा ठेवलेला, ज्याला जे जमेल ते टाकावं. कोणी धर्म विचारला नाही, कोणी पत्रक हातात दिलं नाही. लेंटिल सूप म्हणजे आपली मसूरच, फोडणी नसलेली. तिसऱ्या गुरुवारी कळलं की ती हॅमच्या हाडावर शिजवतात. तोवर दोनदा खाऊन झालं होतं, आता काय. त्यानंतर माझ्यासाठी वेगळं छोटं पातेलं ठेवायला लागल्या त्या बायका.

आजी तिथल्या एल्डर आहेत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. दर दोन महिन्यांनी चर्चचं न्यूजलेटर स्वतःच आमच्या पत्रपेटीत टाकून जातात. फुलं कुणी आणायची, दाराशी कोण उभं राहायचं, कोण वारलं, कॉफी मॉर्निंगला किती जमले, गिल्डचं (चर्चमधला एक गट) पुढचं भाषण कशावर, असलं सगळं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, गावाच्या बातम्या दुसरीकडे कुठे मिळणार. तर या वेळच्या अंकात लिहिलंय की मिनिस्टर (इथले पाद्री) रिटायर झाल्यावर आता शेजारच्या दोन गावांबरोबर युनियन व्हायचंय आणि आमची इमारत कॅटेगरी बी मध्ये आहे. पुढच्या मंगळवारी हॉलमध्ये बैठक, सगळ्यांचं स्वागत.

माझे प्रश्न: कॅटेगरी बी म्हणजे नक्की काय? मी हिंदू, मेंबर नाही, रविवारी कधी गेलेली नाही (ख्रिसमस ईव्हची वॉचनाइट सर्व्हिस सोडून, ती मुलीच्या हट्टापायी). मी तिथे जाऊन बसणं आगाऊपणा होईल का? आणि हॉल वाचवता येतो का? आजींना विचारलं तर "वुई'ल सी" म्हणून चहा ओतायला लागल्या.

पर्थची_मावशी

अगं जा बिनधास्त. माझे यजमान इथलेच, आमच्या चर्चमध्ये बारा वर्षं फॅब्रिक कन्व्हीनर होते. फॅब्रिक म्हणजे कापड नव्हे हं, इमारत. मी पण लग्नानंतर वर्षभर समजत होते की हे पडदे बघतात. प्रत्यक्षात गटारं, कौलं, बॉयलर आणि कबुतरं.

आधी मुख्य गोष्ट. पॅरिश म्हणजे नुसते रविवारी येणारे लोक नव्हेत, पॅरिश म्हणजे हद्द. चर्च ऑफ स्कॉटलंडने आपल्या घटनेतच लिहून ठेवलंय की देशाच्या कानाकोपऱ्यात, प्रत्येक पॅरिशमध्ये धर्मसेवा पोचवणं ही आमची जबाबदारी. म्हणून तर कधी चर्चची पायरी न चढलेल्या माणसाच्या अंत्यविधीलाही पॅरिश मिनिस्टर जातो. तेव्हा तू त्यांच्या पॅरिशमध्येच राहतेस, आगाऊपणा कसला?

पण मत देणं वेगळं. मंगळवारची बैठक गावासाठी खुली दिसतेय, तिथे बोल. युनियनवरचं मतदान वेगळ्या सभेत होतं, ती आधी रविवारी जाहीर करावी लागते आणि तिथे हक्क रोलवरच्या, म्हणजे चर्चच्या यादीत नाव असलेल्या लोकांचा. इंटिमेशन्स ऐकत जा. (सर्व्हिसमधल्या सूचनांना इथे इंटिमेशन्स म्हणतात, मला तो शब्द फार आवडतो, कुणीतरी कानात सांगतंय असं वाटतं.)

कॅटेगरीचं असं की २०२१ च्या जनरल असेंब्लीने (अख्ख्या चर्चची सर्वोच्च सभा) प्रत्येक प्रेसबिटेरीला मिशन प्लॅन करायला लावला. प्रेसबिटेरी म्हणजे एका भागातल्या सगळ्या चर्चची मिळून वरची समिती, आणि गावातली समिती म्हणजे कर्क सेशन, त्यात मिनिस्टर आणि तुझ्या आजींसारखे एल्डर. प्लॅनमध्ये इमारतींचे दोन गट. ए म्हणजे ठेवायच्या, बी म्हणजे ठरलेल्या मुदतीत मोकळ्या करायच्या. म्हणजे बी हे वाईटच आहे, उगाच गोड बोलत नाही. युनियन आणि लिंकेज यातही गल्लत करू नकोस. लिंकेजमध्ये मिनिस्टर एक पण मंडळ्या (एकेका चर्चचे लोक) वेगळ्या, हिशोब वेगळे. युनियन म्हणजे एकच मंडळी, मग तीन इमारती कशाला हा प्रश्न येतोच.

ग्लासगोचा_घाटी

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. २००१ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधले ४२ टक्के लोक स्वतःला चर्च ऑफ स्कॉटलंडचे म्हणवत होते, २०११ ला ३२, २०२२ ला २०. आणि कुठलाच धर्म नाही म्हणणारे २०२२ ला पहिल्यांदा निम्म्याच्या वर गेले, ५१ टक्के. ज्या गावात रविवारी पंचवीस डोकी येतात आणि त्यातली वीस सत्तरीच्या पुढची, तिथे दीडशे वर्षांचं दगडी छप्पर कोण सांभाळणार? मिनिस्टरच मिळत नाहीयेत. भावना ठीक आहेत पण गॅसचं बिल भावनांनी भरत नाही.

आणि बंद झालं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. इथे वेस्ट एंडला ओरान मोर आहे ना, ते केल्व्हिनसाइड पॅरिश चर्च होतं, आता बार आणि थिएटर, छतावर ॲलस्डेअर ग्रेचं भलंमोठं चित्र. मी तिथे जितक्या वेळा गेलोय तितक्या वेळा तर गावच्या देवळातही गेलो नसेन.

निवांत_फाइफ

@ग्लासगोचा_घाटी दादा, तुमच्या वेस्ट एंडला बार चालतो हो, आमच्या गावात बार करून कोण येणार, मेंढ्या? इथे फार तर फ्लॅट होतील, तेही एडिंबरातल्या कुणाचे तरी शनिवार-रविवारचे.

बाकी मुद्दा पटतो. पण मला एक कळत नाही, गाव एवढंसं आणि गावात चर्चसारख्या दिसणाऱ्या तीन इमारती. एकात कार्पेटचं गोडाऊन आहे, एकात कुणीतरी राहतं. एवढ्या बांधल्याच कशाला?

जुनेपुराणे_दगड

हा प्रश्न विचारलात म्हणून लॉगिन केलं.

याचं उत्तर १८ मे १८४३. एडिंबरात जॉर्ज स्ट्रीटवरच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये जनरल असेंब्ली भरली होती. भांडण जुनंच, गावचा मिनिस्टर कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने? सरकार आणि कोर्ट जमीनदाराच्या बाजूने. तर त्या दिवशी मावळत्या मॉडरेटरने (सभेच्या अध्यक्षाने) निषेध वाचला आणि पाठोपाठ लोक उठून चालत टेकडी उतरून कॅननमिल्सच्या टॅनफिल्ड हॉलमध्ये गेले, तिथे फ्री चर्च स्थापन, थॉमस चाल्मर्स पहिले मॉडरेटर. साडेचारशेच्या आसपास मिनिस्टर बाहेर पडले, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. पगार गेला, राहतं घर गेलं. काही ठिकाणी जमीनदार चर्चला जागा देईनात म्हणून उघड्यावर प्रार्थना. आणि मग इर्षेने गावोगाव नवी चर्च, नव्या शाळा. जुन्या चर्चच्या समोरच, जमलं तर मनोरा वीतभर उंच. त्याआधी फुटलेले गट होतेच, त्यांची तिसरी इमारत.

पुढे १९०० ला त्यातले बरेच एकत्र येऊन युनायटेड फ्री झाले आणि १९२९ ला ते बहुतेक सगळे परत चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये. माणसं एक झाली पण दगड तीन-तीन राहिले. आपल्याकडे तीन भावांची भांडणं मिटली तरी तीन चुली, तीन विहिरी राहतात तसं. आज जे विकतायत त्यात १८४३ च्या रागाचा मोठा हिस्सा आहे.

अवांतर: मुंबईतल्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन इथल्याच लॉडरचे. तेही १८४३ ला फ्री चर्चबरोबर गेले.

आता कामाचं. एक, इमारत लिस्टेड (वारसा म्हणून कायद्याने जपलेली) असेल तर तिथेही ए, बी, सी अशा कॅटेगरी असतात आणि त्या हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडच्या. प्लॅनमधल्या बी चा त्या बी शी काही संबंध नाही. बैठकीत कुणीतरी हमखास उठून म्हणणार की आपली इमारत बी लिस्टेड आहे मग कशी विकता, आणि अर्धा तास त्यात जाणार. दोन, चर्चभोवतीचं जुनं कबरस्तान बहुतेक ठिकाणी कौन्सिलकडे आहे, १९२५ च्या कायद्याने गेलं, तेव्हा आजोबांच्या कबरीवर कोणी फ्लॅट बांधत नाही हे म्हाताऱ्यांना सांगा, त्यांना तीच धाकधूक असते. तीन, हॉल हवा असेल तर गावाने संस्था काढून कम्युनिटी राइट टू बाय (विक्रीला आली की गावाला विकत घ्यायचा पहिला हक्क) खाली नाव नोंदवता येतं, पैशासाठी स्कॉटिश लँड फंड आहे. पण इमारत बाजारात यायच्या आधी नोंदवा. उशिरा अर्ज केला की अटी वाढतात.

ग्लासगोचा_घाटी

दगड साहेब, प्रतिसाद आवडला, निवांत यांचा मेंढ्यांचा टोमणाही आवडला. फक्त एक, हॉल गावाने घेतला तरी बॉयलर तोच राहणार. बैठकीत पहिला प्रश्न तो विचारा.

पर्थची_मावशी

बॉयलरबद्दल +१, माझ्या नवऱ्याचे केस त्यातच गेले.

निवांत, तुला खरंच मदत करायची असेल तर अजून एक. मुलांच्या गटात मदत करणार असशील तर आधी पीव्हीजी (मुलांबरोबर काम करणाऱ्यांची सरकारी पडताळणी) करून घ्यावं लागेल, एप्रिल २०२५ पासून अशा कामांना ते कायद्यानेच सक्तीचं झालंय. चर्चमध्ये एक सेफगार्डिंग कोऑर्डिनेटर असतो किंवा असते, तिला सांग, फॉर्म तीच देईल. सूप वाढायला आणि कप धुवायला मात्र काही लागत नाही. आणि तुझ्या आजींना "काय होणार" विचारू नकोस, "काय करू" विचार. या पिढीच्या स्कॉटिश बायका दुःखाबद्दल बोलत नाहीत, टेबलं पुसतात.

निवांत_फाइफ

अपडेट देते, मंगळवारी जाऊन आले.

खुर्च्या कमी पडल्या. रविवारी पंचवीस येतात तिथे मंगळवारी भिंतीला टेकून उभे होते लोक. प्रेसबिटेरीकडून एक बाई आणि एक गृहस्थ आले होते, इंटरिम मॉडरेटर म्हणजे सध्या मिनिस्टर नसताना कारभार बघणारे, ते मधे बसले. दगड साहेब, तुम्ही म्हणालात तसंच, दहाव्या मिनिटाला एक काका उठले, बी लिस्टेड! मी पहिल्यांदा हात वर केला तो तेव्हा. सांगितलं की हे दोन बी वेगळे. सगळे वळून बघायला लागले, कान लाल झाले माझे, पण त्या प्रेसबिटेरीच्या बाईंनी इतक्या आभाराच्या नजरेने बघितलं की काय सांगू.

मग आमचा प्लंबर उठला. हा माणूस चर्चला कधी जात नाही, हे त्यानेच आधी सांगून टाकलं. म्हणाला मी याच हॉलमध्ये बॉइज ब्रिगेडमध्ये (मुलांची ख्रिस्ती संघटना) होतो, त्या कोपऱ्यातली फरशी माझ्यामुळे फुटलीय, बॉयलर मी बघतो, पण छप्पर माझ्याच्याने होणार नाही. लोक हसले. मग एका बाईंनी विचारलं की भिंतीवरच्या पाटीचं काय, पहिल्या महायुद्धातल्या नावांची. त्यात त्यांच्या आजोबांच्या भावाचं नाव आहे. त्यावर मात्र कोणी हसलं नाही, आणि प्रेसबिटेरीच्या गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतलं, एवढंच.

चर्चची इमारत राहील असं मला वाटत नाही. बहुतेकांना ते माहीतच होतं असं दिसलं. पण हॉलसाठी आठ जणांचा गट झालाय, त्यातले तिघंच रविवारी जाणारे. शाळेच्या हेडटीचर आहेत, प्लंबर आहे आणि हो, मी पण आहे, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी कप धुताना मी आजींना मावशींनी सांगितलं तसं विचारलं, काय करू? त्यांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि फ्रिजवरच्या सूपच्या रोटाकडे (पाळ्यांच्या यादीकडे) बोट दाखवलं. पुढच्या महिन्याचा दुसरा गुरुवार, तिथे माझं नाव आधीच लिहिलेलं, पेनाने, स्पेलिंग चुकवून.

तर आता मुद्द्याचं. हॅमशिवाय सूप, चाळीस माणसं. मसूर किती घेऊ?

पर्थची_मावशी

सव्वादोन-अडीच किलो पुरे, गाजर भरपूर किसून घाल. आणि पहिल्या वेळेला फोडणी नको गं, दुसऱ्या वेळेला बघू.